नाशिकच्या बसचा रोजचा खर्च कोण देणार?

महापालिकेचं अंदाजपत्रक आलं की मी आधी मागची पानं उघडते. माझी सगळी नोकरी एका नगरपालिकेच्या लेखा विभागात झाली, त्यामुळे भाषणापेक्षा लेखाशीर्षं वाचायची सवय लागली आहे. पुढच्या पानांवर पूल, रस्ते, सुशोभीकरण, सिंहस्थाची कामं असतात. ती भांडवली, म्हणजे एकदाच बांधण्याच्या खर्चाची बाजू. मागे महसुली, म्हणजे रोजच्या खर्चाच्या बाजूला, पगार, वीजबिल, पेन्शन यांच्या गर्दीत, शहर बससेवेच्या तुटीपोटी द्यायची रक्कम एका ओळीत येते. आपल्या शहरातल्या माणसाला घरून जुन्या गावातल्या रविवार कारंजावर वेळेत पोहोचता येईल का, हे त्या एका ओळीवर ठरतं. सभेत चर्चा मात्र पुढच्या पानांवरच होते.

मला आज एवढंच मांडायचं आहे: नाशिकमध्ये वाहतुकीसाठी काहीतरी बांधायला पैसा मिळतो, बांधलेलं रोज चालवायला मिळत नाही. आणि जुन्या गावात तर बांधायला जागाच नाही. तिथली सुधारणा ही चालवण्यातूनच होणार.

माझं माहेर दहीपुलाजवळच्या वाड्यातलं. दादा आणि वहिनी अजून तिथेच राहतात, दादाचं भांड्यांचं दुकानही जवळच, भांडी बाजारात. मी म्हसरूळकडे राहायला गेले त्याला बरीच वर्षं झाली. दहीपूल, सराफ बाजार, बोहोरपट्टी, तिथून उतार उतरला की गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, घाट. या गल्ल्या पायी माणसं, पालख्या आणि फार तर टांगे डोळ्यांसमोर ठेवून वाढल्या. त्या रुंद करायच्या तर वाडे पाडावे लागतील. आराखड्यात रुंदीकरणाच्या रेषा आहेत, जागा सोडणाऱ्याला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळतो, पण एक वाडा मागे सरकतो आणि शेजारचा वीस वर्षं जागचा हलत नाही. मध्ये जो खाचा तयार होतो त्यात चार मोटारसायकली उभ्या राहतात. रस्ता होता तेवढाच राहतो.

वहिनीचा गुडघा दुखतो. तिला डॉक्टरांकडे न्यायला मी बऱ्याचदा जाते, आणि आम्ही रविवार कारंजावरून बस धरतो. चांदीच्या गणपतीच्या आसपास थांबून बघा, काय होतं ते. थांब्यापुढे फुटपाथच्या कडेला दुचाकींची सलग रांग असते. बसला कडेला लागता येत नाही, ती रस्त्याच्या मधोमध थांबते. आता हिशेब असा की बस फुटपाथला चिकटून उभी राहिली तर पायरी फुटपाथपासून थोडीच वर येते. मधोमध थांबली की फुटपाथची उंची वजा होते आणि पायरी रस्त्यापासून गुडघ्याएवढी वर जाते. वहिनी एक हात दांड्याला, एक माझ्या खांद्यावर देऊन चढते, आणि तेवढ्यात मागून रिक्षांचे हॉर्न सुरू होतात. एकदा ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "काकू, सावकाश चढा, मी थांबलोय. कडेला घ्यायला जागाच ठेवत नाहीत, काय करू?"

यावर कोणी म्हणेल, कमी उंचीच्या बस घ्या. घ्याव्यातच. पण त्या कोट्यवधींच्या बसही कडेला लागल्या नाहीत तर पायरी रस्त्यापासूनच चढावी लागणार. इथे खरा उपाय म्हणजे थांब्यापुढची बसएवढी लांब जागा रंगवायची आणि ती मोकळी ठेवायला सकाळ-संध्याकाळ एक माणूस उभा करायचा. रंग एकदाचा खर्च, माणूस दरमहा पगाराचा. आणि नेमका तो पगार कुठल्याच योजनेत बसत नाही. थांब्यावर स्टीलचा चकचकीत बाक आणि छप्पर बसवायला निधी येतो, कारण ते भांडवली काम आहे.

हे आजचंच नाही. नाशिकमध्ये १८८९ साली ट्राम सुरू झाली होती, घोड्यांची. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, आठ-दहा किलोमीटर. तिचे सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे उभारली, तेच. दोन डबे, चार घोडे. रेल्वे स्टेशन गावापासून इतकं लांब पडल्यामुळे ही सोय फार मोठी होती. माझी आजी लहानपणी त्या ट्राममध्ये बसली होती, वाटेत दोन्ही बाजूंना दाट झाडी होती असं सांगायची. रूळ घालायला पैसे उभे राहिले, डबे आले, घोडे आले. पण दुष्काळ, प्लेग, घटलेले उतारू, यांत कंपनीचा तोटा साचत गेला आणि १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ट्राम बंद पडली. घोड्यांचा चारा हा रोजचा खर्च होता. तो नगरपालिकेनेही उचलला नाही, सरकारनेही नाही.

पुढे एसटी आली आणि शहरातल्या बसही एसटीच चालवू लागली. शहर सेवेचा तोटा तिला पेलवेना, तशा फेऱ्या कमी होत गेल्या. शालिमार चौकात उभं राहिलं की बसपेक्षा शेअर रिक्षाच आधी मिळायची, मागे चार आणि पुढे ड्रायव्हरशेजारी एक. नाशिकच्या रिक्षांचं मीटर हा विषय मी इथे काढतच नाही.

मग ८ जुलै २०२१ ला महापालिकेची स्वतःची सिटीलिंक सुरू झाली. त्यासाठी वेगळी कंपनी काढली, तपोवन आणि नाशिकरोडला डेपो झाले, सीएनजी आणि डिझेल मिळून २५० बसचा आराखडा होता. ही सेवा सुरू झाली याचा मला मनापासून आनंद आहे. म्हसरूळहून पंचवटीतल्या निमाणी बसस्थानकाला आणि पुढे गावात जायला रिक्षाची मिनतवारी करावी लागत नाही, शिकणाऱ्या मुली पास काढून एकट्या जाऊ लागल्या, कामगारांना सातपूर-अंबडच्या पाळ्यांना बस मिळू लागली.

तिची पैशाची रचना मात्र वाचकांनी समजून घ्यायला हवी. बस ठेकेदाराची, ड्रायव्हर त्याचा. महापालिकेची कंपनी त्याला प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेला दर देते, बसमध्ये पाच उतारू असोत की पन्नास. तिकिटाचे पैसे कंपनीकडे येतात. वाहक पुरवायचं काम आणखी वेगळ्या ठेक्यातून दिलेलं. ही पद्धत चांगली की वाईट यावर वाद घालता येईल. मला ती वाईट वाटत नाही, कारण ठेकेदाराला कमाईच्या मार्गावर गर्दी करून बाकीचे मार्ग ओस टाकण्याचं कारण उरत नाही. पण त्यात एक गोष्ट अटळ आहे: तिकिटाची कमाई आणि किलोमीटरचा खर्च यांतला फरक दर महिन्याला, न चुकता, महापालिकेला भरावा लागतो. तो उशिरा भरला किंवा मधल्या कुणी पगार अडवला की गाडी थांबते. वाहकांनी थकलेल्या पगारासाठी एकापेक्षा अधिक वेळा काम बंद ठेवलं ते अशातूनच. त्या दिवशी निमाणीला उभ्या असलेल्या माणसाला ठेका कुणाचा आणि बिल कुणाकडे अडलंय याच्याशी काय देणंघेणं? त्याच्यासाठी बस आली नाही, एवढंच.

कायद्यातच या सेवेची जागा दुय्यम आहे. महापालिकांचा १९४९ चा कायदा उघडलात तर कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्यं आहेत: रस्ते, दिवे, सफाई, पाणी. बससेवा येते कलम ६६ मध्ये, ऐच्छिक कर्तव्यांत. म्हणजे पैसा कमी पडला की कात्री कुठे लावायची ते लेखापालाला कायदाच दाखवतो. मी त्या टेबलावर बसलेली आहे, कात्री कशी लागते ते मला ठाऊक आहे. कोणी दुष्टपणे लावत नाही. बंधनकारक खर्च आधी वजा होतात, उरलेल्यातून ऐच्छिक.

त्यात महापालिकेचा स्वतःचा रोजचा पैसाही आटला. जकात होती तेव्हा नाक्यावर रोज रोकड जमत होती. २०१३ साली तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ ला तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी उठला, आणि २०१७ च्या जीएसटीनंतर राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर गाडा चालतो. घरपट्टी वाढवायची म्हटलं की शहर पेटून उठतं, २०१८ मध्ये आपण ते पाहिलंच. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हापासून तर बसच्या फेरीबद्दल वॉर्डात कुणाला विचारायचं हाही प्रश्न बरीच वर्षं होता.

दुसरीकडे वरून येणाऱ्या योजना बघा. २००५ च्या जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-विकास योजनेत नाशिकच्या आकाराच्या शहराला केंद्राचे ५०, राज्याचे २० आणि महापालिकेचे ३० टक्के असं सूत्र होतं. स्मार्ट सिटीत नाशिकची निवड २०१६ मध्ये झाली, तिथे केंद्र ५०० कोटी आणि तेवढीच भर राज्य व महापालिकेने मिळून घालायची. त्यातून त्र्यंबक नाका ते अशोकस्तंभ हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड झाला. खोदकाम इतकं रेंगाळलं की त्या रस्त्यावरच्या दुकानदारांनी आणि शाळांच्या मुलांनी किती सोसलं ते त्यांनाच विचारावं. आज तिथे फुटपाथ आहे आणि तो चांगला आहे, मी त्यावरून आवडीने चालते. पण अशोकस्तंभापुढे, जिथून जुनं गाव सुरू होतं आणि पायी माणसं खरी वाढतात, तिथे तो संपतो.

मेट्रो निओबद्दल थोडक्यात. ऑगस्ट २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी, सुमारे ३३ किलोमीटर, सुमारे २,१०० कोटी, त्यातला निम्म्याहून अधिक पैसा कर्जाचा. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिचं नाव आलं, २,०९२ कोटींचा आकडा वाचून दाखवला गेला, आणि आपल्याकडे पेढे वाटले गेले. उंचावरच्या मार्गिकेवर विजेच्या तारांखाली रबरी चाकांची मोठी बस धावणार होती. त्यातून अजून एकही उतारू गंगापूर रोडहून नाशिकरोडला गेलेला नाही. मी मेट्रोच्या विरोधात नाही. पण पंचवटी एक्सप्रेसने रात्री साडेनऊनंतर नाशिकरोडला उतरणाऱ्या चाकरमान्याला आज रात्री घरी जायचं आहे.

अलीकडची पीएम ई-बस सेवा मला म्हणूनच वेगळी वाटते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेली ५७,६१३ कोटींची योजना, त्यात केंद्राचे २०,००० कोटी, देशभरात १०,००० बस. नाशिक त्या यादीत आहे. महत्त्वाचं म्हणजे यात केंद्राचा पैसा बस चालवण्यासाठी, किलोमीटरमागे, दहा वर्षं मिळणार आहे. एवढ्या मोठ्या योजनेत रोजच्या चाऱ्याचा विचार झालेला पाहून मला बरं वाटलं. पण दहा वर्षांनी काय, आणि केंद्राच्या दराच्या वरची तूट कुणाची, याचं उत्तर आत्ताच शहराने शोधायला हवं.

शोधायचं कुठे? मला तीन-चार ठिकाणं दिसतात.

पहिलं, तूट एकट्या महापालिकेने का भरावी? आपली बस त्र्यंबकेश्वरला जाते, सिन्नरला जाते. पुण्यात पीएमपी या शहर बससेवेची तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के वाटून घेतात. आपल्याकडे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, एमआयडीसी आहे, आजूबाजूच्या नगरपालिका आहेत. ज्यांच्या हद्दीत बस जाते त्यांनी किलोमीटरच्या प्रमाणात वाटा उचलावा. हे सूत्र एका पानावर मांडता येतं.

दुसरं, २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच शहरांनी स्वतंत्र परिवहन निधी उभारावा असं सुचवलेलं आहे. पिंपरी-चिंचवडने बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका असलेल्या, रस्त्यांसाठी तसा निधी काढला होता. बांधकाम परवान्यांच्या विकास शुल्काचा आणि अतिरिक्त एफएसआयच्या, म्हणजे जादा बांधकाम क्षेत्राच्या, प्रीमियमचा ठरावीक हिस्सा, थांब्यांवरच्या जाहिरातींचं उत्पन्न, आणि पार्किंगचं शुल्क, हे सगळं एका वेगळ्या खात्यात जमा व्हावं. गंगापूर रोडला मोठी इमारत उभी राहते तेव्हा तिच्या गाड्या शेवटी शालिमार आणि सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकापाशीच येऊन गर्दी करतात. तिने बसला हातभार लावणं न्यायाचंच आहे.

पार्किंगवर मला जास्त बोलायचं आहे, कारण जुन्या गावात तोच कळीचा मुद्दा. गंगेच्या पात्रात, घाटाशेजारी आपण गाड्या लावतो. पावसाळ्यात पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायांना लागलं की गाड्या ओढून काढायची धावपळ. मेन रोडच्या दोन्ही कडांना दुचाकी, मध्ये हातगाडी, त्यात मालाचा टेम्पो भर दुपारी. इथे रस्त्यावरची जागा फुकट असल्यामुळे गिऱ्हाइकापेक्षा दुकानदाराची आणि नोकराचीच गाडी दिवसभर उभी असते. मी भांडी बाजारात बसून हे पाहिलेलं आहे. टेम्पोंना सकाळी दहाच्या आत वेळ बांधून द्यावी, कडेच्या जागेला तासावर दर लावावा, आणि त्या पैशातून सीबीएस, अशोकस्तंभ, रविवार कारंजा, होळकर पूल, मालेगाव स्टँड, पंचवटी कारंजा, निमाणी अशी लहान बसची सतत फिरती फेरी चालवावी. वेळापत्रक पाहायची गरज पडू नये इतक्या जवळजवळच्या फेऱ्या. या वळणांवर मोठी बस अडते, लहान अडणार नाही.

हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी २०१५ च्या सिंहस्थाची आठवण देते. त्याआधीच्या सिंहस्थात, २७ ऑगस्ट २००३ ला, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले होते. त्या जखमेतून शहर शिकलं. २०१५ ला बाहेरच्या वाहनतळांवर गाड्या थांबवल्या, तिथून एसटीने माणसं आत आणली, पुढे पायी. पहिल्या पर्वणीला, म्हणजे शाही स्नानाच्या दिवशी, २९ ऑगस्टला, अडथळे इतके उभारले की घरचीच माणसं घरात कोंडली गेली. पुढच्या पर्वण्यांना ते सैल केले गेले. म्हणजे गाड्या बाहेर थांबवून बसने माणसं आणायचं तंत्र या शहराच्या प्रशासनाला, पोलिसांना, एसटीला येतं. आता पुढच्या सिंहस्थाचं ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, त्यासाठी हजारो कोटींची कामं. माझी मागणी एवढीच की त्यातले काही वाहनतळ आणि थांबे कायमचे असावेत, आणि सिंहस्थ संपल्यावर त्यांना जोडणारी बस चालवायची तरतूद त्याच मंजुरीत लिहिलेली असावी. कामं पूर्ण झाल्याच्या दाखल्यासोबत पुढच्या दहा वर्षांच्या चालवण्याच्या खर्चाचं पान जोडलेलं नसेल तर बिलच निघू नये, इतपत कडक.

हे सगळं मी अंदाजपत्रकासाठीच्या सूचनांत लिहून दिलं आहे, आणि दादाच्या दुकानात व्यापाऱ्यांच्या बैठकीतही बोलले. पहिला विरोध दादानेच केला. "अगं, गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक कॉलेज रोडला जातं. इथे येऊन तांब्याची कळशी डोक्यावर घेऊन बसला लटकणार का कोणी?" त्याची भीती खरी आहे. त्याच्या डोळ्यांदेखत गल्लीतली दोन जुनी दुकानं उठली. मी म्हटलं, कळशी टेम्पोने घरपोच दे, पण गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत येऊ तर दे, सध्या ते दहीपुलाच्या चढावरच्या गर्दीत अडकून परत जातंय. वहिनी आतून म्हणाली, "आणि मला बसमध्ये नीट चढता आलं तर तुमचं काय जातंय?"

बराच वेळ वाद झाला. शेवटी कापडवाले एक काका, वयाने सगळ्यात मोठे, म्हणाले की तासाचं पार्किंग द्यायला त्यांची हरकत नाही, नोकरांच्या गाड्याही ते बाहेर लावायला सांगतील. अट एकच. पावतीवर लिहिलेलं असलं पाहिजे की हा पैसा कारंजाच्या बसला जातो, आणि महिन्याच्या महिन्याला किती जमला, किती फेऱ्या झाल्या, हे मेन रोडच्या कार्यालयाबाहेर फळ्यावर लागलं पाहिजे. त्यांची ही अट मी सूचनांच्या अर्जाला पुरवणी म्हणून जोडली. पोच मिळाली आहे.